वॉट, वजन आणि ताट



सायकलीला लावतात त्या पॉवर मीटरवर माझा मुळीच राग नाही, हे आधीच सांगून टाकते. सहा वर्षं मी सायकल चालवते आणि त्यातली चार वर्षं तो माझ्याही सायकलीला आहे. माझा राग आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या एका भागाकारावर. वॉट भागिले किलो. रविवारी सकाळी वाघबीळला, पन्हाळ्याचा चढ सुरू होतो तिथे, चहाला थांबलं की नव्यानं ओळख झालेली माणसं नाव-गाव विचारायच्या आधी हा आकडा विचारतात. "तुमचं किती? तीन? साडेतीन?" पूर्वी सोयरिकीत शेती किती एकर ते विचारायचे, तसाच प्रकार.

ज्यांच्या घरी हे वेड अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगते. पेडलवर पाय दाबला की क्रँकचा धातू अगदी सूक्ष्म वाकतो. ते वाकणं मोजणारी बारीक पट्टी आत चिकटवलेली असते. जोर किती लावला आणि पाय मिनिटाला किती वेळा फिरले, यांवरून यंत्र त्या क्षणाची शक्ती वॉटमध्ये सांगतं. जर्मनीतल्या उलरिख शोबेरर या अभियंत्यानं 1986 मध्ये एसआरएम ही कंपनी काढून हे यंत्र सायकलीवर आणलं. तेव्हा ते मोठ्या खेळाडूंपुरतंच होतं. आता नोकरी-धंदा सांभाळून पहाटे दोन तास सायकल मारणारी आपल्यासारखी माणसंही लावतात. माझ्या यंत्राची किंमत ऐकून सासूबाई दोन दिवस माझ्याशी बेतानं बोलत होत्या, ते वेगळं.

त्याचा उपयोग खरा आहे. वेगावर विश्वास ठेवता येत नाही, कारण वारा समोरून असला की ताशी अठराला दम लागतो आणि पाठीवर असला की तीसलाही काही वाटत नाही. हृदयाचे ठोके उन्हानं वाढतात, झोप कमी झाली की वाढतात, शिवाय चढ लागल्यावर ते थोडे उशिरानं चढतात. वॉटचं तसं नाही. 130 म्हणजे 130, वारा कुठूनही येवो. हंटर ॲलन आणि अँड्र्यू कॉगन यांचं पुस्तक 2006 मध्ये आलं आणि त्यातली एफटीपीची कल्पना जगभर पसरली. साधारण तासभर टिकवता येईल अशी आपली कमाल शक्ती, असा त्याचा ढोबळ अर्थ. तासभर जीव काढण्याऐवजी बहुतेक लोक वीस मिनिटं पूर्ण ताकदीनं चालवतात आणि त्या सरासरीचे 95 टक्के धरतात. माझा एफटीपी 152 आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलं आणि एक दुकान सांभाळून, मला तो पुरतो.

या आकड्याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो हळू चालवायला शिकण्यात. कॉगन यांच्या मोजणीत दुसरा झोन एफटीपीच्या 56 ते 75 टक्के. माझ्यासाठी 85 ते 114 वॉट. आठवड्यातल्या बहुतेक राइड तेवढ्यातच करायच्या. सोबतच्या बायका पुढे निघून गेल्या तरी जाऊ द्यायचं. तरुण पोरं "काकू, दमलात का?" विचारत बाजूनं जातात, त्यांना हसून हात करायचा. मग आठवड्यातले एक-दोन दिवस जे जोरात करायचं ते खरोखर जोरात करता येतं. यंत्रानं मला हात आखडता घ्यायला शिकवलं असं मी म्हणेन, आणि आपल्या घरात वाढलेल्या बाईला ती शिकवण परकी वाटत नाही.

आता भागाकार. चढावर आपण आपलं आणि सायकलीचं वजन वर उचलत असतो, म्हणून तिथे किलोमागे वॉट किती याला अर्थ आहे. इथवर गणित बरोबर आहे. पण ते पुरतं करून बघा. माणूस आणि सायकल मिळून 70 किलो. त्यातले दोन किलो कमी केले आणि ताकद तेवढीच राहिली, तर अर्ध्या तासाच्या चढावर फार तर पाऊण मिनिट वाचेल. सपाटीवर जवळजवळ काहीच नाही, कारण तिथे झुंज हवेशी असते आणि हवेला तुमच्या वजनाशी देणंघेणं नसतं. उलट ज्याचे एकूण वॉट जास्त तो सपाटीवर पुढे. पाऊण मिनिटासाठी माणसं काय काय करतात ते मी घरात पाहिलं, म्हणून हा लेख लिहिते आहे.

माझी पुतणी एकोणीस वर्षांची. (तिला हे सगळं वाचून दाखवलं आहे. "लिही काकू, पण नाव नको" म्हणाली.) माझ्यामुळेच सायकलीला लागली आणि वर्षभरात माझ्या पुढे गेली, त्याचा मला अभिमान आहे. परवाच्या सालातल्या जूनमध्ये तिचं वजन 51 किलो आणि एफटीपी 168. भागाकार 3.29. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, तीन महिने सायकल घरात ट्रेनरवर. पडद्यावर बाकीच्यांचे आकडे शेजारी दिसतात आणि अशा आभासी शर्यतींत आपलं वजन आपणच भरायचं असतं. इंटरनेटवरून सल्ला देणाऱ्या एका प्रशिक्षकानं तिला "वरचा आकडा वाढायला वेळ लागतो, खालचा लवकर कमी होतो" असं सांगितलं. ऑगस्टमध्ये ती 48 किलो झाली, वॉट तेवढेच. 3.5! घरात पेढे वाटायचं तेवढं राहिलं.

जानेवारीत ती 46 किलोची होती आणि एफटीपी 150. भाग देऊन बघा: 3.26. म्हणजे जूनमध्ये होती तिथेच, किंबहुना किंचित मागे, आणि मधल्या काळात अठरा वॉट अंगातून गेलेले. हेच त्या आकड्याचं कपट आहे. भाज्य आणि भाजक दोन्ही खाली येत असले की उत्तर जागच्या जागी राहतं आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. त्याच महिन्यातल्या एका शर्यतीत सांगली रस्त्याच्या सपाटीवर, समोरच्या वाऱ्यात ती घोळक्यातून मागे पडली, ती परत जोडलीच नाही. चढ तर अजून यायचाच होता.

पण हे शर्यतीपुरतं असतं तर मी लेख लिहिला नसता. सप्टेंबरपासून तिची पाळी आली नव्हती. कोणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणींच्या गटात कोणीतरी "चांगल्या खेळाडूंचं असं होतंच" म्हणालं होतं आणि तिला ते शाबासकीसारखं वाटलं होतं. मला आधी ताटावरून शंका आली. भाकरीचा पापुद्रा काढून तेवढाच खायची, आतला भाग कुत्र्याला. डाळीवरचं पाणी घ्यायची. मी विचारलं तेव्हा चिडली, मग रडली, मग फेब्रुवारीत आम्ही डॉक्टर बाईंकडे गेलो.

त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं ते मला पटलं. खर्चापेक्षा कमी खाल्लं की शरीर घरातल्या कर्त्या बाईसारखं वागतं. पैसे कमी पडले की आधी सणवार बंद, मग दुरुस्त्या बंद. पाळी थांबते, हाडं भरायची थांबतात, झोप बिघडते, सर्दी महिना महिना जात नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये याला रेड-एस हे नाव दिलं आणि हे फक्त बायकांचं दुखणं नाही हेही सांगितलं. पुरुषांमध्ये तेच होतं, फक्त त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते. सायकलस्वारांना हाडांचं भय अधिक, कारण धावण्या-चालण्यात हाडांवर जो भार पडतो तो सायकलीवर पडत नाही. एकोणीस-वीस हे तर हाडांत साठवण करून ठेवायचं वय. त्या साठवणीवर पुढची साठ वर्षं काढायची असतात.

आता घरातलं बोलते, जे बोलायला मला सगळ्यात जड जातंय. या सगळ्या काळात माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, लेकीवर खूश होत्या. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही. दशलक्षणात दहाही दिवस एकाशन केलं. "अवमौदर्य करते बघ, भुकेपेक्षा चार घास कमीच घेते, या वयात कोण करतं?" असं त्या देवळात चारचौघींना सांगत. आल्या-गेल्या पाहुण्या "किती छान बारीक झालीस" म्हणत. लग्नाच्या वयाच्या मुलीला हे ऐकवायला आपल्याकडे कोणाला संकोच वाटत नाही. अक्कांना मी दोष देत नाही. पोटच्या पोरीला धर्माची आवड लागली असं कोणत्या आईला वाटणार नाही?

पण माझं मत मी अक्कांनाही सांगितलं आणि इथेही सांगते. हे अवमौदर्य नव्हतं. तपात आधी इच्छेवर लगाम असतो. इथे इच्छा मोकाट होती आणि लगाम फक्त जिभेला. आपल्याकडे तीन शल्यं सांगितली आहेत, माया, मिथ्यात्व आणि निदान. त्यातलं निदान म्हणजे तपाच्या बदल्यात ऐहिक फळ मागणं. पन्हाळ्याच्या चढावर पाऊण मिनिट मिळावं म्हणून केलेला उपास याहून निराळा काय आहे? आणि घरच्यांपासून पाळी लपवून, धर्माच्या नावाखाली ताट टाळणं याला माया म्हणायचं नाही तर काय? हे मी पुतणीवर ठपका म्हणून लिहीत नाही, ती पोर होती आणि अडकली होती. मला राग येतो तो आपल्या घरांत या गोष्टीला किती सहज आडोसा मिळतो याचा. दुसऱ्या घरात मुलगी दहा दिवस एकवेळ जेवली तर आई घाबरेल. आपल्या घरात तिची मिरवणूक निघते.

म्हणून ज्यांच्या घरात मुलगी किंवा मुलगा खेळतो त्यांनी पर्वाच्या दिवसांबद्दल आधीच ठरवून टाकावं असं मला वाटतं. एकाशन असेल त्या दिवशी सायकल नाही, फार तर अर्धा तास हलके पाय फिरवायचे. दहा दिवस व्रत करायचं असेल तर दहा दिवस सराव बंद. दहा दिवसांनी कोणाची तयारी वाहून जात नाही. मी स्वतः गेली तीन वर्षं असंच करते. व्रतही नीट होतं आणि मन सारखं आकड्याकडे धावत नाही.

गंमत अशी की ज्या यंत्राच्या नादानं पोरगी उपाशी राहिली, तेच यंत्र तिला किती खायचं ते रोज सांगत होतं. राइड संपली की पडद्यावर वॉटच्या जवळच किलोज्यूल दिसतात, तिकडे कोणी बघत नाही. प्रत्येक सेकंदाला एक वॉट म्हणजे एक ज्यूल. तीन तास सरासरी 120 वॉटनं चालवलं तर 1296 किलोज्यूल काम झालं. आपलं शरीर खाल्लेल्यातलं साधारण पाव ते पावाहून कमीच पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. आणि एक किलोकॅलरी म्हणजे सव्वाचार किलोज्यूलच्या जरा आत. या दोन गोष्टी एकमेकींना जवळजवळ छेदतात, म्हणून जितके किलोज्यूल तितक्या किलोकॅलरी असा हिशेब घरगुती कामाला पुरतो. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 340 किलोकॅलरी. एका भाकरीला एवढं पीठ धरलं, तर त्या तीन तासांच्या पावणेचार भाकऱ्या होतात. या रोजच्या जेवणाशिवायच्या, वरच्या. पुतणी त्या दिवशी दोन केळी खाऊन जायची आणि आल्यावर अर्धी भाकरी.

मी हा हिशेब अक्कांना पिठाच्या डब्यासमोर बसून सांगितला. वॉट-बिट त्यांनी ऐकून घेतलं नाही, पण पावणेचार भाकऱ्या म्हटल्यावर हात थांबला. "एवढं लागतं होय तिला?" म्हणाल्या. घरी चार पाहुणे वाढले की आपण न सांगता पीठ जास्त मळतो, तेवढीच ही गोष्ट आहे, फक्त पाहुणा सायकलीवर असतो.

सूर्यास्ताच्या नियमाचाही मार्ग निघतो, नियम मोडावा लागत नाही. डिसेंबरात इथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. संध्याकाळी सातला ट्रेनरवर बसून घाम गाळला तर त्यानंतर सकाळपर्यंत पोटात काही नाही. म्हणून जोराचा सराव पहाटे किंवा सकाळी, म्हणजे भरून काढायला सगळा दिवस हातात राहतो. संध्याकाळी काही करायचंच तर हलकं. आमच्या घरी आता हा नियम आहे आणि पुतणीनं तो स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला आहे.

राइडमधलं खाणंही. दोन-तीन तास चालवायचं असेल तर तासाला 60 ग्रॅमपर्यंत कर्बोदकं घ्यायला सांगतात. आपल्यात उकडलेला बटाटा चालत नाही. बाजारातल्या काही जेलमध्ये मध असतो आणि चघळायच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन, तेव्हा वेष्टन वाचल्याशिवाय घेऊ नका. पण आपलं काही अडत नाही. एका मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास मिळतात. गाळलेल्या पाण्याच्या बाटलीत 30 ग्रॅम साखर, लिंबू, चिमूटभर मीठ. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. सायकलच्या मागच्या खिशात राजगिऱ्याचा लाडू चुरगळतो हे खरं, पण चुराही पोटात जातोच.

माझ्याशी वाद घालणारे आहेत, आणि त्यांचा मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, जगात जिंकणारे वजन उतरवूनच जिंकतात. 2025 मध्ये महिलांची टूर द फ्रान्स पोलिन फेराँ-प्रेव्हो हिनं जिंकली, आणि त्यासाठी आपण वजन उतरवलं हे तिनं उघड सांगितलं. खरं आहे. त्याच वेळी हे पूर्णपणे निरोगी नाही आणि आपण असं राहणार नाही, असंही तीच म्हणाली. दुसरी आलेली डेमी व्होलेरिंग हिनं मात्र आपण त्या वाटेनं जाणार नाही असं सांगितलं, आणि तरीही ती जगात दुसरी आली. ज्यांचं पोट सायकलीवर आहे, ज्यांच्यामागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, रोजच्या तपासण्या आहेत, त्यांच्यातसुद्धा यावर एकमत नाही. आणि आपली पोरं त्यांचा फक्त भाजक उचलतात.

शिवाय तो आकडा जेवढा अचूक दिसतो तेवढा नसतोच. चांगली यंत्रंसुद्धा एक-दोन टक्के इकडे-तिकडे दाखवतात. माणसाचं वजन पाण्यानं, मिठानं, पाळीच्या दिवसांनी सहज एक किलो हलतं. अशा दोन हलत्या गोष्टींचा भागाकार करून दशांशचिन्हापुढचे दोन अंक वाचायचे आणि त्यावर आपली किंमत ठरवायची, हे मला न समजणारं आहे. आमच्या दुकानातल्या काट्यावर असा हिशेब केला तर गिऱ्हाईक उभं राहणार नाही.

मी काय सुचवते ते सांगते. खेळणाऱ्या मुलांच्या खोलीतून वजनाचा काटा बाहेर काढा. आकडा बघायचाच तर नुसते वॉट बघा, भाग न देता. ते महिनोन्‌महिने उतरत असतील तर आधी ताट बघा, मग झोप, आणि सरावाचं वेळापत्रक सगळ्यात शेवटी. मुलीची पाळी तीन महिने चुकली तर "खेळामुळे असेल" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. मुलगा असेल तर तो सारखा आजारी पडतो का, चिडचिडा झालाय का, हाडाला कुठे चीर गेली का, हे बघा. वाघबीळच्या टपरीवर कोणी "तुमचं किती?" विचारलं तर मी हल्ली "152" एवढंच सांगते. समोरचा भागायला माझं वजन विचारतो, तेव्हा मी चहाचे पैसे द्यायला जाते.

पुतणीची पाळी त्या जूनमध्ये परत सुरू झाली. मध्ये दोन महिने डॉक्टर बाईंनी जोराचा सराव बंद ठेवला होता, तेव्हा ती फार अस्वस्थ असायची आणि अक्का रोज रात्री तिच्याजवळ झोपायच्या. गेल्या महिन्यात तिनं वीस मिनिटांची चाचणी केली, 176 आला. वजन तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मागच्या लेखाखाली दोघी-तिघींनी राजगिऱ्याच्या लाडवांचं प्रमाण विचारलं होतं. दोन वाट्या राजगिऱ्याच्या लाह्यांना पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि एक चमचा तूप. गुळाचा पाक फार कडक होऊ देऊ नका, नाहीतर थंडीत सायकलीवर दाताला लागतो. हाताला पाणी लावून गरम असतानाच वळा. अक्का त्यात शेंगदाण्याचं कूट घालतात, मला ते आवडत नाही, पण सध्या डबा त्याच भरतात.